दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४१० किमी, मग ३१ मिनिटांची ८० मिनिटं कशी होतात?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन एका छोट्या विमानतळावरून दुसऱ्या तशाच छोट्या विमानतळावर जायचं आहे. नावं देत नाही, कारण प्रश्न त्या दोन ठिकाणांपुरता नाही असं वाटतं. दोन्हीकडे एकेकच धावपट्टी, दिवसभरात मोजकी विमानं, आणि आमचं विमान म्हणजे प्रोपेलरचं सत्तर आसनी एटीआर ७२.

अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले. उत्तर आलं, अंतर ४१० किमी, उड्डाणाचा वेळ ३१ मिनिटं. तिकिटावर मात्र १ तास २० मिनिटं छापली आहेत. अडीच पटीहून जास्त!

हा फरक मला आधी एकदा महागात पडला आहे. मागच्या वर्षी अशाच प्रवासाच्या वेळी पहिल्या विमानाची सुटायची वेळ कळली होती, पोचायची नव्हती. मी सुटायच्या वेळेत संकेतस्थळाची मिनिटं मिळवली आणि त्या हिशोबाने पुढच्या विमानाचं वेगळं तिकीट काढून ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा तिथलं चेक-इन बंद झालं होतं. आई व्हीलचेअरवर होती. बंद काउंटरसमोर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझं गणित चुकलं का रे?" तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

तर जाणकारांनी समजावून सांगावं. हे अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजतात? आणि वेळ एवढा वाढतो तो कुठे वाढतो? फक्त "तिकिटावरची वेळ धरा" एवढंच उत्तर नको. आतलं गणित समजून घ्यायचं आहे.

अक्षांश

चांगला धागा. अंतराचा भाग मी घेतो.

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो. तो साधारण धावपट्टीच्या किंवा सगळ्या धावपट्ट्या मिळून होणाऱ्या आराखड्याच्या मध्यावर येतो. टर्मिनलच्या दारात नाही आणि शहराच्या चौकातही नाही. त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले असतात. संकेतस्थळ दोन्ही बिंदू घेतं आणि पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्यांच्यामधला सगळ्यात जवळचा मार्ग मोजतं. त्याला बृहद्वृत्तीय अंतर म्हणतात. पृथ्वीगोलावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल ती ही रेषा.

सोप्या सूत्रात पृथ्वी पूर्ण गोल मानून त्रिज्या ६,३७१ किमी धरतात. प्रत्यक्षात विषुववृत्तावर ती ६,३७८ आणि ध्रुवांकडे ६,३५७ च्या आसपास आहे. त्यामुळे उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो, म्हणजे ४१० किमीला जेमतेम दोन किमी. तुमच्या पन्नास मिनिटांचं कोडं त्यात नाही.

विमानवाल्यांच्या भाषेत ४१० किमी म्हणजे २२१ सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. त्यांची चर्चा वाचताना हे लक्षात ठेवा. कुणी "दोनशे एकवीस" म्हणालं तर ते किलोमीटर नसतात. साधा मैल आणखी वेगळा, १,६०९ मीटरचा. ही तीन एककं एकमेकांत मिसळून घोळ झालेले मी बरेच पाहिलेत.

आता तुमची ३१ मिनिटं. ४१० ला ताशी ८०० किमीने भागा, बरोबर ३१ येतात. म्हणजे त्या यंत्राने तुमचं विमान जेट आहे असं धरलं. शिवाय ते पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगात आहे, असंही धरलं.

बेरीजवजाबाकी

अंतर ४१० आहे याबद्दल मला शंका आहे. धागाकर्त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून दोन्ही ठिकाणं सांगितली. मी अक्षांश-रेखांश शोधून हाताने गणित केलं, तर ३८८ आले. दोनदा केलं. २२ किमीचा फरक अर्ध्या टक्क्यात बसत नाही.

अक्षांश

@बेरीजवजाबाकी, अक्षांश-रेखांश कुठल्या स्वरूपात होते? अंश-मिनिटं होती का?

बेरीजवजाबाकी

हो. उदाहरणार्थ एकाचा अक्षांश अमुक अंश ३० मिनिटं असा होता. मी पूर्णांकापुढे .३० लिहिलं.

अक्षांश

तिथेच गडबड झाली. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ३० मिनिटं म्हणजे .५० अंश. तुमचा बिंदू ०.२ अंशाने सरकला. उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश सुमारे १११ किमीचा, त्यामुळे ०.२ अंश म्हणजे २२ किमी. तुमचा हरवलेला आकडा बरोबर तेवढाच आहे.

बेरीजवजाबाकी

दुरुस्त करून पाहिलं, ४१० आले. शंका मागे घेतो. शाळेत शिकलो होतो, तरी हात घसरला. आभार.

साधी_वही

मी कामानिमित्त गेली काही वर्षं एटीआरनेच फिरते आणि प्रत्येक प्रवासात चार वेळा वहीत लिहून ठेवते. विमान जागेवरून हलायला लागलं ती वेळ, चाकं जमिनीवरून सुटली ती, पुन्हा टेकली ती, आणि विमान जागेवर थांबलं ती. या विमानाचा पंख वर असतो आणि चाकं पोटाला चिकटून. मधल्या रांगेत खिडकीशी बसलात आणि थोडं वाकलात तर चाक स्पष्ट दिसतं. टेकताना रबराचा धूरही दिसतो. त्यामुळे अंदाजाने लिहावं लागत नाही.

एक गोष्ट सांगते, नाहीतर पहिली नोंद चुकेल. इंजिनाचा आवाज सुरू झाला म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरू नका. एटीआरला उभं असताना वीज द्यायला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने अडवून ठेवतात. आवाज येतो, पंखा मात्र ढिम्म. मी पहिल्या काही वेळा आवाजापासून मोजलं आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटं जास्त भरली.

माझ्या वहीचा अनुभव असा, की चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ एका मार्गावर फार बदलत नाही. बदलतो तो जमिनीवरचा वेळ.

रात्रपाळी

मी उड्डाण-नियोजनाचं काम करते, म्हणजे विमान सुटायच्या आधी मार्ग, इंधन, उंची आणि वारा यांचा हिशोब बसवते. पाऊलवाट, तुमचा प्रवास मी माझ्या टेबलावर आल्यासारखा मांडून दाखवते. आकडे साधारण आहेत, पण क्रम खरा आहे.

आधी मार्ग. ४१० ही ताणलेल्या दोऱ्याची लांबी आहे. विमान तसं जात नाही. निघताना धावपट्टीच्या दिशेने उडतं, मग ठरलेल्या वळणाने हवाई मार्गाला लागतं. वाटेत लष्करी क्षेत्र असेल तर त्याला वळसा. पोचताना ठरलेल्या बिंदूंवरून उतरतं. ४१० ला ३०-३५ किमी जास्त धरणं रास्त आहे. आपण ४४५ धरू.

आता चढण. विमान १७ हजार फुटांवर जाणार असं समजा. मिनिटाला सरासरी हजार फूट चढलं तर १७ मिनिटं. चढताना वेग कमी असतो, जमिनीवरून मोजला तर ताशी ३७० किमीच्या आसपास. म्हणजे १७ मिनिटांत १०५ किमी.

उतरण. आमच्याकडे एक जुनं गणित आहे, हजार फुटाला तीन सागरी मैल. १७ हजार फुटांना ५१ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९५ किमी आधीच उतरायला सुरुवात करावी लागते. त्याला साधारण १३ मिनिटं.

उरले २४५ किमी. पूर्ण वेगाने फक्त एवढेच! एटीआरचा वेग ताशी ५०० च्या आसपास, म्हणजे २९ मिनिटं. शेवटी गिअर (चाकं) आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) खाली घेऊन धावपट्टीच्या रेषेत येताना आणखी ३ मिनिटं धरा. बेरीज ६२.

म्हणजे ४४५ पैकी निम्म्याहून थोडंच जास्त अंतर विमान पूर्ण वेगात कापतं. हेच अंतर ४,००० किमी असतं तर चढ-उताराचा वाटा बारीक झाला असता आणि सरळ भागाकारही जवळपास बरोबर आला असता. छोट्या मार्गावर तो फसतो, आणि मार्ग जितका छोटा तितका जास्त फसतो.

आता जमीन. तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, म्हणजे चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ. निघताना १० आणि पोचल्यावर ५ मिनिटं धरली तर एकूण ७७. त्यावर थोडी उसंत ठेवून ८० छापली आहेत. तुमच्या तिकिटावरचा आकडा अगदी प्रामाणिक आहे.

छोट्या विमानतळांवर जमिनीवरची मिनिटं का जातात, तेही सांगते, कारण याबद्दल लोक उगाच चिडतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जमिनीवर चालत जायचा रस्ता, असतो. लहान ठिकाणी बऱ्याचदा नसतो, मधूनच एक जोडरस्ता धावपट्टीला मिळतो. मग विमान धावपट्टीवरच उलट टोकापर्यंत चालत जातं, तिथे गर्रकन वळतं आणि मग धाव घेतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. तेवढा वेळ धावपट्टी अडलेली, त्यामुळे कुणी उतरायच्या बेतात असेल तर तुम्ही थांबायचं. रडार नसेल तर नियंत्रक वैमानिकांनी सांगितलेल्या वेळा आणि अंतरांवरून विमानं एकमेकांपासून दूर ठेवतो, आणि त्याला दोन विमानांमध्ये जास्त जागा सोडावी लागते. बऱ्याच वेळा एक उतरून बाजूला होईपर्यंत दुसऱ्याला सोडत नाही. खिडकीतून मोकळं आकाश दिसत असतं, आणि तरी विमान उभं असतं. त्यामागे हे कारण असतं.

वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीचं टोकही बदलतं. तुम्ही पश्चिमेकडून येताय आणि पूर्वेकडे तोंड करून उतरता आलं तर सरळ आत. पण वारा पश्चिमेचा असेल तर विमानतळ ओलांडून पुढे जायचं, वळायचं आणि उलटं येऊन उतरायचं. पाच-सात मिनिटं तिथेच जातात.

चाफेकळी

फार छान समजावलंत. एक बाळबोध प्रश्न विचारते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाताना वेळ जास्त आणि पश्चिमेकडे येताना कमी लागायला हवा ना? पण बहुतेक ठिकाणी उलटंच दिसतं.

अक्षांश

प्रश्न बाळबोध नाही, हा समज खूप पसरलेला आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. त्यामुळे जमीन खालून सरकून जात नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. मध्यम अक्षांशांवर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक बोइंग ७४७ याच वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. विमान हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच पूर्वेकडे धावत होती. एटीआर मात्र त्या प्रवाहाच्या बऱ्याच खाली उडतं. त्यामुळे पाऊलवाट यांच्या मार्गावर एवढा मोठा फरक दिसणार नाही.

बेरीजवजाबाकी

मग जाताना जेवढा वेळ वाचला तेवढाच येताना जास्त लागणार, म्हणजे एकूण हिशोब सारखाच, बरोबर?

रात्रपाळी

नाही, आणि हे करून पाहण्यासारखं आहे. अंतर ३०० किमी, विमानाचा वेग ताशी ५००, वारा नाही. जाऊन-येऊन ७२ मिनिटं. आता एका दिशेने ताशी १०० किमीचा वारा धरा. वाऱ्याबरोबर वेग ६००, लागली ३० मिनिटं. विरुद्ध ४००, लागली ४५. एकूण ७५. तीन मिनिटं परत मिळाली नाहीत, कारण हळू उडण्यात तुम्ही जास्त वेळ घालवता. वारा जेवढा मोठा, तेवढा हा तोटा वाढतो.

आणखी एक. जाता-येता उंचीही वेगळी असते. सर्वसाधारण नियम असा, की पूर्वेच्या अर्ध्या वर्तुळाकडे तोंड असेल तर विषम हजार फूट, पश्चिमेच्या अर्ध्याकडे असेल तर सम. जाताना १७ हजार असेल तर येताना १६ किंवा १८. समोरासमोरची विमानं एका पातळीवर येऊ नयेत म्हणून.

डोंगरमाथा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. अंतर आणि वेळ यांचा मेळ बसत नाही याची सगळ्यात टोकाची उदाहरणं छोट्या विमानतळांवरच सापडतात.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि विक्रम ५३ सेकंदांचा! विमान आठ-दहा जणांचं, ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. ते उंच चढतच नाही, म्हणून हे जमतं.

दुसरं उदाहरण कॉन्स्टन्स सरोवराच्या दोन काठांचं. स्वित्झर्लंडचं आल्टेनऱ्हाइन आणि जर्मनीचं फ्रीड्रिखसहाफेन यांच्यात सुमारे २० किमी अंतर. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे जेटने आठ मिनिटांचं उड्डाण सुरू झालं आणि २०१७ मध्ये बंद झालं. मला ते बंद झाल्याचं वाईट वाटलं नाही. आठ मिनिटांसाठी विमानतळावर तासभर आधी पोचायचं, आणि तेवढ्याच वेळात रस्त्याने सरोवराला वळसा घालून जाता येतं.

आणि तिसरं लुक्ला. काठमांडूपासून सुमारे १४० किमी, उड्डाण अर्ध्या तासाचं. पण धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि चढावर बांधलेली. वैमानिकाला डोळ्यांनी सगळं दिसलं पाहिजे. ढग खिंडीत बसले की विमान निघतच नाही. मी तिथे जायला दोन दिवस थांबलो होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे ढग वर सरकले, आणि पुढे खरोखर अर्ध्याच तासात आम्ही तिथे उतरलो. माझ्या हिशोबात ते अंतर आजही दोन दिवस आणि अर्धा तास एवढं आहे.

चाफेकळी

वेळेवरून आठवलं. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी दोन राज्यांच्या हद्दीवर आहे. उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्समध्ये घड्याळ तासभर पुढे करतात आणि क्वीन्सलँडमध्ये करत नाहीत. त्यामुळे तिथे एकाच धावपट्टीच्या दोन टोकांना तासाचा फरक पडतो. विमानतळ क्वीन्सलँडची वेळ पाळतो. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दोन ठिकाणांची घड्याळं वेगळी असतील तर सुटायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा करून प्रवासाचा वेळ काढू नका.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमची पोस्ट मी कागदावर उतरवून घेतली आणि आईलाही वाचून दाखवली.

आता व्यवहाराचा प्रश्न. या वेळीही पुढे दुसरं विमान आहे आणि तिकिटं वेगळी आहेत. मध्ये किती वेळ सोडू?

रात्रपाळी

वेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी पुढची कंपनी घेत नाही. म्हणून मिनिटं उलट्या बाजूने मोजा. पुढच्या विमानाचं चेक-इन किती आधी बंद होतं, तिथून मागे या. बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या असतील तर तो वेळ. एटीआरमध्ये सामान पुढच्या दारातून काढतात आणि प्रवासी मागच्या दाराने उतरतात, त्यामुळे दोन्ही कामं एकदम चालतात, ही जमेची बाजू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आई व्हीलचेअरवर आहेत. अशा प्रवाशांना सहसा शेवटी उतरवतात. एटीआरच्या दाराला स्वतःचाच छोटा जिना असतो. उचलून घ्यायचं की लिफ्टची गाडी यायची, हे त्या विमानतळावर अवलंबून. ठोकळे लागल्यापासून वीस मिनिटं तरी यासाठी वेगळी धरा, आणि व्हीलचेअरची मागणी तिकिटातच नोंदवा, आयत्या वेळी काउंटरवर नको.

आणि दिवसाचं पहिलं विमान घ्या. छोट्या मार्गावर एकच विमान दिवसभर खेपा करतं. सकाळचे दहा मिनिटांचे उशीर दुपारपर्यंत साठत जातात, कारण दोन खेपांमध्ये भरून काढायला जागाच नसते.

मी तुमच्या जागी असते तर छापलेल्या पोचायच्या वेळेपासून पुढचं विमान सुटेपर्यंत चार तास ठेवले असते. दोन तास वाया गेले तरी चालतील, आईंना परत बंद काउंटर दिसायला नको.

साधी_वही

चार तासांना माझंही मत. आणि आईंना खिडकी द्या.

पाऊलवाट

काल प्रवास झाला. आधी नोंदी देतो, साधी_वहींच्या पद्धतीने.

सुटायची छापील वेळ ९:३५. ठोकळे काढले ९:४२ ला, आधीचं एक विमान उतरायचं होतं. मग बॅकट्रॅक, अगदी सांगितला होता तसाच. टोकाला जाऊन विमान जागच्या जागी वळलं तेव्हा आईने हात घट्ट धरला, तिला वाटलं परत चाललो. मी सांगितलं, आत्ता धाव घेणार. चाकं सुटली ९:५३ ला. टेकली १०:५३ ला. जागेवर थांबलो १०:५८ ला. हवेत ६० मिनिटं, ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत ७६. रात्रपाळी, तुमच्या ७७ ला एक मिनिट कमी.

सगळे उतरल्यावर दोघांनी आईला खुर्चीसकट हळूच खाली घेतलं. ती इमारतीच्या आत पोचली तेव्हा ११:१९ झाले होते. बॅगा आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. पुढचं विमान २:५५ चं. आई मध्ये तासभर झोपली.

खिडकी तिलाच दिली होती. वही माझ्या हातात होती, पण उतरताना मी तिच्या पट्ट्याकडे बघत राहिलो आणि चाक टेकल्याचं मला कळलंच नाही. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि घड्याळात बघून स्वतः लिहिलं. वहीत १०:५३ चा आकडा तिच्या अक्षरात आहे.